बोर्डभावापासून बॉक्सभावापर्यंत : रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत उतरत जाणाऱ्या रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी पिकवण्याचे कसब कोणाला शिकवावे लागत नाही. ऊतिसंवर्धित रोपे, ठिबक सिंचन आणि पाण्यातून खत देण्याची पद्धत येथे रुळून आता बराच काळ लोटला आहे. सावदा आणि रावेर या स्थानकांवरून दिल्लीकडे केळीचे वॅगन जात असल्याच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात. विक्रीची पद्धत मात्र पिकाच्या मानाने फारशी बदलली नव्हती. बाजार समितीने जाहीर केलेला बोर्डभाव सकाळी मोबाईलवर येत असे, व्यापाऱ्याचा माणूस बागेत येऊन घड पाहून जात असे, आणि त्याची कटाईची टोळी येईपर्यंत शेतकऱ्याने वाट पाहायची असे. आवक वाढली की व्यवहार बोर्डाच्या खाली होत असे. दांड्याच्या वजनापोटी किती वजावट करायची हे काट्याजवळ उभा असलेला माणूस ठरवी, आणि चांगला माल कापून नेल्यावर मागे राहिलेले घड ‘वापसी’ म्हणून मिळेल त्या भावाने जात.

या प्रकरणातील कंपनी रावेर तालुक्यातील शेजारशेजारच्या तीन गावांतील केळी उत्पादकांनी स्थापन केली. कंपनी, गावे आणि व्यक्ती यांची ओळख येथे दिलेली नाही. पहिल्या दोन हंगामांत मी संचालक मंडळाच्या बैठकांना सल्लागार म्हणून हजर होतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातील काही चुकांत माझाही वाटा आहे.

दोन कायदेशीर बदलांमुळे अशी कंपनी शक्य झाली होती. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी नोंदवण्याची मुभा मिळाली, आणि भांडवल कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत हे सहकाराचे तत्त्व त्या रचनेत टिकून राहिले. पुढे २०१६ साली महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला यांचे बाजार समितीच्या आवाराबाहेरचे नियमन उठवले. त्याच वर्षी जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. २०२१ मध्ये याच तालुक्यातील तांदलवाडीहून मानांकित केळीचा २२ टनांचा कंटेनर दुबईला गेला, तेव्हा जे तांदलवाडीला जमले ते आपल्याला का जमू नये हा प्रश्न आसपासच्या गावांत उघडपणे विचारला जाऊ लागला.

भारत जगातील सुमारे पाव हिस्सा केळी पिकवतो, पण जागतिक निर्यातीत त्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. ही तफावत नेमकी कोठे निर्माण होते हे या तीन गावांत अगदी जवळून पाहायला मिळाले.

अडचण

जिल्ह्याबाहेरील एका निर्यातदाराने आठवड्याला एक कंटेनर घेण्याची तयारी दाखवली. चाळीस फुटी शीत कंटेनरमध्ये साधारण तेरा किलोचे पंधराशेहून अधिक बॉक्स, म्हणजे वीस टनांच्या पुढे माल बसतो. कंपनीने पॅकहाऊस भाड्याने घेतले आणि एप्रिलच्या अखेरीस पहिला कंटेनर भरला. त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले. बारा दिवसांनी आखाती बंदरातून छायाचित्रे आली. काही बॉक्स उघडताच पिवळी केळी दिसत होती, आणि त्या बॉक्सांच्या आजूबाजूच्या थरांतही रंग फिरू लागला होता. निर्यातदाराने रकमेत मोठी कपात केली.

तांत्रिक कारण समजायला फार वेळ लागला नाही. हिरवी केळी तेरा ते चौदा अंशांवर राहिली तरच प्रवासभर हिरवी राहते. शीत कंटेनर थंड फळाचे तापमान टिकवतो, तापलेले फळ थंड करणे हे त्याचे काम नव्हे. ते काम कंटेनर भरण्याआधी पूर्वशीतकरणाच्या खोलीत व्हावे लागते. त्या दिवशी पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात होता, तिसऱ्या बागेतील कटाई दुपारपर्यंत लांबली होती आणि तो माल ट्रॅक्टरवर ताडपत्रीखाली दोन तास उभा राहिला होता. त्यातच ग्रामीण वाहिनीवरील वीज गेली आणि जनित्र सुरू होईपर्यंत खोलीचे तापमान चढले. शिवाय तीनही बागांतील घडांचे वय वेगळे होते. जास्त पक्व झालेल्या घडातील फळ आधी पिकू लागले, त्यातून सुटलेल्या इथिलीन वायूने शेजारचे बॉक्सही पिकवले.

खरी अडचण मात्र तेथून पुढे सुरू झाली. कपातीचा भार कोणी उचलायचा? बॉक्सांवर बागेचा क्रमांकच टाकलेला नव्हता, त्यामुळे पिवळा माल कोणाचा होता हे सिद्ध होऊ शकत नव्हते. ज्यांची कटाई पहाटे झाली होती त्या सभासदांचे म्हणणे होते की आमचा माल चोख होता. तिसऱ्या बागेच्या मालकाचे म्हणणे होते की टोळी कंपनीची होती आणि ती उशिरा आली, तर त्यात माझा काय दोष. दोघांचेही म्हणणे खरे होते. कंपनीच्या नियमावलीत सभासदत्व, भागभांडवल, सभा आणि लेखापरीक्षण यांवर पाने होती, पण वाटेत माल खराब झाला तर नुकसान कोणाचे, याबद्दल एक ओळही नव्हती.

व्यापाऱ्याच्या पद्धतीत हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. माल काट्यावरून उतरला की जोखीम व्यापाऱ्याची, आणि तिची किंमत तो भावातून व वजावटीतून आधीच वसूल करून घेत असे. शेतकऱ्याला त्या व्यवस्थेत भाव कमी मिळत होता, तसाच दिल्लीत काय झाले याचा घोर पण लागत नव्हता. आवाराबाहेरचे नियमन उठल्यावर खरेदीदार निवडण्याचे स्वातंत्र्य आले, आणि त्याच्या पाठोपाठ ही जोखीमही गावाच्या दारात येऊन उभी राहिली.

समोर असलेले पर्याय

मे महिन्यात विकास सोसायटीच्या गोदामात तीन बैठका झाल्या. पहिला पर्याय सरळ होता: निर्यात सोडून द्यावी आणि कंपनीने एकत्रित माल दाखवून व्यापाऱ्यांकडून बोर्डापेक्षा थोडा चढा भाव मिळवावा. यात धोका नव्हता, पण कंपनी स्थापण्याचे कारणही उरत नव्हते.

दुसरा पर्याय तरुण सभासदांचा होता. शासकीय प्रकल्पांतून अनुदान आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज घेऊन स्वतःचे पॅकहाऊस आणि शीतगृह उभारावे, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीवर आणि वेळापत्रकावर अवलंबून राहावे लागणार नाही. या मताला मोठा पाठिंबा होता आणि इमारत दिसू लागली की सभासदांचा विश्वास वाढेल, हा त्यामागील विचारही चुकीचा नव्हता. मी त्याला विरोध केला. केळीची आवक वर्षभर सारखी नसते. पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग आणि पावसाळा सरतानाची कांदेबाग या दोनच मुख्य लागवडी असल्याने माल लोंढ्याने येतो आणि मग महिनोन्महिने खोल्या रिकाम्या राहतात, पण कर्जाचा हप्ता रिकाम्या महिन्यातही भरावाच लागतो.

तिसरा पर्याय असा होता की निर्यातदाराने स्वतःची टोळी, पेट्या आणि वाहने घेऊन यावे आणि बागेतच प्रतवारी करून माल उचलावा. कंपनीने फक्त बागांची निवड, नोंदी आणि घडांची निगा पाहावी आणि त्याचे सेवाशुल्क घ्यावे. बॉक्सचा भाव यात कमी मिळणार होता, मात्र बागेच्या बांधापलीकडची जोखीम निर्यातदाराची राहणार होती.

चर्चेच्या ओघात एका ज्येष्ठ सभासदांनी चौथा मुद्दा मांडला आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटला. ते म्हणाले, “भाऊ, कोणाला विकायचं ते नंतर ठरवा. आधी हे ठरवा की नुकसान झालं तर कोणाचं किती. ते लिहून सगळ्यांना वाचून दाखवा, मग पुढचं बोला.” त्या दिवशीची बैठक याच वाक्यावर थांबली आणि पुढच्या बैठकीचा तोच एकमेव विषय झाला.

निर्णय आणि कृती

मंडळाने तिसरा पर्याय एका हंगामापुरता स्वीकारला, पण दोन अटी घातल्या. निर्यातदाराच्या टोळीबरोबर गावातील माणसे शिकाऊ म्हणून राहतील, आणि प्रत्येक बॉक्सवर बागेचा क्रमांक व कटाईची तारीख पडेल. पहिल्या कंटेनरचे नुकसान सर्व सहभागी सभासदांनी मालाच्या प्रमाणात वाटून घेतले. यावर नाराजी राहिली आणि दोन सभासद कंपनी सोडून गेले. दोष सिद्ध होत नसताना दुसरा न्याय्य मार्ग मला आजही दिसत नाही.

पुढील हंगामासाठी नुकसानीचा नियम असा लिहिला गेला. बॉक्सवरील क्रमांकावरून बागेचा दोष स्पष्ट झाला, म्हणजे घड जास्त पक्व होता किंवा फवारणीचे डाग होते, तर तो भार सभासदाचा. कटाईपासून कंटेनरचे दार बंद होईपर्यंतची चूक कंपनीची, आणि तिच्यासाठी प्रत्येक बॉक्समागे ठरावीक रक्कम जोखीम निधीत जमा करायची. दार बंद झाल्यानंतरचे सारे निर्यातदाराचे, आणि त्याचा पुरावा म्हणून कंटेनरमधील तापमान-नोंदणी यंत्राची नोंद दोघांनाही बंधनकारक. हा कागद दीड पानांचा होता. तिन्ही गावांत तो मोठ्याने वाचून दाखवण्यात आला.

बागेतील बदल अधिक चिवट ठरले. निर्यातीच्या मालाला वय कळणे आवश्यक असते, आणि घडाचे वय निसवणीपासून, म्हणजे झाडातून घड बाहेर पडल्यापासून, मोजले जाते. म्हणून दर आठवड्याला निसवलेल्या घडांना त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधण्याची पद्धत सुरू झाली. एका आठवड्याला लाल, पुढच्या आठवड्याला निळी, मग पिवळी. उन्हाळ्याच्या तोंडावर निसवलेला घड साधारण तीन महिन्यांच्या आत तयार होतो, तर थंडीत सापडलेला त्याहून बराच उशीर लावतो, त्यामुळे नुसते डोळ्यांनी पाहून कापणाऱ्या टोळीची फसगत होते. फिती बांधण्याचे काम पायथ्याकडील पाड्यांतून येणाऱ्या तडवी आणि पावरा स्त्रियांकडे आले. त्यांच्यापैकी एक बाई बागेच्या कडेला उभी राहून कोणत्या ओळीत कोणत्या रंगाचे किती घड आहेत हे वही न उघडता सांगत असे, आणि वही उघडल्यावर आकडा जुळत असे. कटाईचे वेळापत्रक पुढे तिच्याच सांगण्यावरून ठरू लागले.

घडाची विरळणी हा वादाचा दुसरा विषय होता. निर्यातीसाठी घडावर मोजक्या फण्या ठेवून खालच्या काढून टाकतात, म्हणजे उरलेल्या फळांची लांबी आणि जाडी सारखी भरते. वजनावर पैसे मिळण्याची सवय असलेल्या माणसाला हे पटणे अवघड होते. “आप्पा, दोन फण्या तोडून मातीत टाकायच्या आणि वर म्हणायचं की उत्पन्न वाढलं?” हा प्रश्न एका बैठकीत विचारला गेला तेव्हा गोदामात शांतता पसरली, कारण तो प्रत्येकाच्याच मनात होता. त्यावर व्याख्यान देण्याऐवजी पाच सभासदांच्या बागांत चार-चार ओळी विरळणीच्या आणि चार-चार नेहमीच्या ठेवल्या आणि कटाईच्या दिवशी सर्वांसमोर एकाच काट्यावर तोलल्या. विरळणीच्या घडांचे वजन अपेक्षेपेक्षा कमी घटले. बॉक्समध्ये बसणारी फणी मात्र त्यांतच जास्त निघाली. त्यानंतर मंडळाने पैसे घडाच्या वजनावर न देता पास झालेल्या बॉक्सवर द्यायचे ठरवले, आणि बॉक्समध्ये न बसलेल्या मालासाठी स्थानिक खरेदीदाराशी वेगळा ठराव केला. या दुसऱ्या ठरावाशिवाय पहिला टिकला नसता. नाकारलेला माल बांधावर पडून राहिला असता तर बॉक्सचा चांगला भावही सभासदाच्या डोळ्यांत भरला नसता.

पैसे मिळण्याच्या मुदतीचा प्रश्नही येथेच सोडवावा लागला. निर्यातदाराची पूर्ण रक्कम माल पोहोचल्यानंतर येई, तर सभासदाला मजुरी, ठिबकमधून सोडायचे खत आणि पुढच्या लागवडीची रोपे यांसाठी पैसा आठवड्यात हवा असे. बोर्डभावाएवढी रक्कम कटाईनंतर लगेच आणि उरलेली कंटेनरच्या हिशेबानंतर, अशी विभागणी झाली. पहिल्या हप्त्यासाठी लागणारे खेळते भांडवल निर्यातदाराच्या अग्रिम रकमेतून आणि कंपनीला बँकेने दिलेल्या कर्जमर्यादेतून उभे राहिले.

ग्रामपंचायतीचा वाटा बाहेरून येणाऱ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून तो येथे नोंदवतो. चाळीस फुटी ट्रेलर शिवाररस्त्याच्या एका वळणावर मोरीजवळ अडकला होता आणि दोन ट्रॅक्टर लावून तो मागे घ्यावा लागला होता. ग्रामसभेत वळणावरील अतिक्रमण काढण्याचा आणि मोरी रुंद करण्याचा ठराव झाला. ज्यांच्या बांधाची जागा गेली त्यांपैकी एकजण कंपनीचा सभासदही नव्हता. त्याच सभेत गावात होणाऱ्या प्रत्येक केळी खरेदीसाठी प्रमाणित इलेक्ट्रॉनिक काट्याचा आग्रह धरण्याचेही ठरले. आर्थिक सुधारणा म्हटली की नजर मुंबई-दिल्लीकडे जाते. जागतिक बाजाराचा रस्ता या गावापुरता त्या मोरीवरून जात होता.

परिणाम

दुसऱ्या हंगामात कंटेनर ठरल्याप्रमाणे गेले आणि कपातीच्या तक्रारी थोड्याच आल्या. ज्या आल्या त्या बॉक्सवरील क्रमांकामुळे एका बैठकीत मिटल्या. रमजानच्या सुमारास आखातातील मागणी वाढली तेव्हा बॉक्सभाव आणि बोर्डभाव यांतील अंतर चांगले राहिले. गावातील स्वतःची टोळी तयार झाली, आणि वर्षाअखेरीस कंपनीने भाड्याच्या पॅकहाऊसमध्ये पुन्हा स्वतः पॅकिंग सुरू केले. या वेळी कटाई सकाळी आठच्या आत संपवायची आणि जनित्र आधीच सुरू ठेवायचे, हे कोणाला सांगावे लागत नव्हते.

एक परिणाम कोणी आधी गृहीत धरला नव्हता. कंपनीला माल न देणाऱ्या शेतकऱ्यांकडेही व्यापारी बोर्डभावाच्या जवळ व्यवहार करू लागले आणि दांड्यापोटीची मनमानी वजावट या तीन गावांत जवळपास थांबली. कंपनीच्या ताळेबंदात हा फायदा कोठेच दिसत नाही. माझ्या मते तोच तिच्या कामाचा सर्वांत मोठा भाग आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर भारतातून मागणी वाढून बोर्डभाव अचानक चढला तेव्हा काही सभासदांनी कंपनीला कबूल केलेला माल व्यापाऱ्याला दिला आणि एक कंटेनर अपुरा गेला. त्यांना काढून टाकावे अशी मागणी झाली. मंडळाने तसे केले नाही. लागवडीच्या वेळीच प्रत्येकाने आपल्या मालाचा किती भाग कंपनीला द्यायचा हे लिहून द्यावे आणि तेवढ्यावरच बंधन असावे, असा मध्यम मार्ग काढला. सगळा माल बांधून मागितला असता तर लहान शेतकरी भीतीपोटीच बाहेर राहिला असता. तिसऱ्या हंगामात मे अखेरच्या वादळाने काढणीला आलेल्या बागा आडव्या केल्या आणि उरलेले कंटेनर रद्द करावे लागले. निर्यातदाराने त्या वेळी दंड लावला नाही, पण त्या आठवड्यांसाठी तो सोलापूर जिल्ह्याकडे वळला.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या कंटेनरवर क्रमांक टाकणे ही फुकटात होणारी गोष्ट होती. शिक्का आणि शाई एवढाच खर्च होता, आणि तो न केल्याने दोन सभासद आणि अर्धे वर्ष गेले. मी त्या वेळी कागदपत्रे आणि परवाने यांत गुंतलो होतो, आणि नुकसानवाटपाचा प्रश्न विचारण्याचे माझे कर्तव्य एका शेतकऱ्याने पार पाडले.

लागवडीच्या तारखा पुढेमागे करण्याचे काम उशिरा हाती घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातील उजनीच्या पाण्यावरच्या करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यात लागवड वर्षाच्या बऱ्याच महिन्यांत विभागलेली असल्याने निर्यातदार आणि शीतगृहे तेथे टिकून राहिली. खान्देशात कडक उन्हाळा आणि डिसेंबर-जानेवारीतील थंडी यांमुळे तसेच्या तसे करता येणार नाही, थंडीत फळाचा रंगही मंदावतो. तरीही तीन गावांत मिळून दर महिन्याला थोडी लागवड करणे अवघड नव्हते, आणि तसे झाले असते तर वादळाच्या आठवड्यात सगळा माल एकाच अवस्थेत सापडला नसता.

खरेदीदार एकच ठेवणे सोयीचे होते, पण वादळानंतर ती सोय महाग पडली. दुसऱ्या खरेदीदाराशी वर्षाला दोन-तीन कंटेनरांचा तरी व्यवहार पहिल्यापासून ठेवायला हवा होता.

सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट ठेक्याने आणि वाट्याने शेती करणाऱ्यांची आहे. सभासद नोंदणीसाठी सातबारा मागितला गेला, आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही पण ज्यांच्या हाताने केळी पिकते ती कुटुंबे त्यामुळे बाहेर राहिली. त्यांचा माल जमीनमालकाच्या नावाने कंपनीत आला आणि बॉक्सभावातील वाढ त्यांच्यापर्यंत किती पोहोचली हे मालकाच्या मर्जीवर राहिले. कायदा उत्पादकाला सभासद मानतो, पण सातबारा हाच उत्पादकाचा एकमेव पुरावा समजण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ठेक्याचा साधा लेखी करार आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांवर सभासदत्व देण्याचा प्रस्ताव चौथ्या वर्षी मंडळापुढे आला. काही मोठ्या बागायतदारांनी त्याला हरकत घेतली आहे. त्यावर मतदान पुढील वार्षिक सभेत व्हायचे आहे, आणि तेथे प्रत्येकाला एकच मत असणार आहे.